बाली बेटावरील बौद्ध तंत्रपरंपरा

इंडोनेशियातील बाली बेटावर शैव पुरोहितांबरोबर बौद्ध पुरोहितही आहेत. त्यांना ‘पेदंड बोदा’ म्हणतात. हाती वज्र व घंटा घेऊन, मुद्रा, संस्कृत मंत्र आणि ध्यान यांच्या योगे पुरोहित देवतेशी एकरूप होण्याची भावना करतो. त्यानंतर पात्रातील पाणी ‘तीर्थ’ ठरते व भाविक ते भक्तिभावाने घेतात. फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांनी बालीत मिळवलेले असे मंत्र व स्तोत्रे १९३३ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली.

मात्र हे पौरोहित्य ब्राह्मण घराण्यांपुरतेच मर्यादित आहे. तीर्थ सर्वांना मिळते. विद्येचा अधिकार जन्मावर ठरतो. तथागतांनी तर उपाली नाभिकाला संघात घेतले व तोच विनयाचा श्रेष्ठ जाणकार झाला. परंपरा टिकली, पण समता मागे राहिली, हे विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावे.