बी.पी.एड. केलं म्हणजे कोच झालो, असं नाही

कबड्डी-कुस्तीत चमकलेल्या पोराला गावात एकच सल्ला मिळतो, "बी.पी.एड. कर, कुठंतरी चिकटशील." पण पदवीनंतरचा हा दोन वर्षांचा कोर्स शाळेतला क्रीडाशिक्षक होण्यासाठी आहे. त्याला राज्याची सीईटी द्यावी लागते. एखाद्या खेळाचा कोच व्हायचं, तर वाट वेगळी.

पतियाळाची एनआयएस १९६१ पासून कोच घडवते. तिचा एक वर्षाचा डिप्लोमा भरतीत आजही वजनदार मानतात. खेळ एकच घ्यायचा आणि वर्षभर त्यातच राबायचं. आपले वस्ताद डाव झकास शिकवतात, त्यात वाद नाही. पण स्पर्धा जवळ आली की मेहनत कधी वाढवायची, कधी उतरवायची, दुखावलेला गुडघा किती दिवस मॅटवर आणायचा नाही, याचा अभ्यास तिथं होतो.

बारावीनंतर थेट जायचं असेल, तर इंफाळच्या राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठात स्पोर्ट्स कोचिंगची चार वर्षांची बी.एस्सी. आहे, मात्र सगळ्या खेळांसाठी नाही. आपल्या राज्याचं क्रीडा विद्यापीठही पुण्यात बालेवाडीला आहे.

फॉर्म भरताना खेळाची सर्टिफिकेटं मागतात. ती पत्र्याच्या पेटीत ठेवा. माझी दोन उंदरांनी खाल्ली.