फितीच्या काठावरचा आवाज

शिवाजी पेठेतील आमच्या वडिलार्जित घराचा माळा गेल्या उन्हाळ्यात मोकळा करण्याचा बेत ठरला, तेव्हा तांब्याचा बंब, जात्याची एक तळी आणि आजोबांच्या कोर्टकचेऱ्यांची बाडे यांच्या आडून एक पत्र्याची ट्रंक निघाली, आणि तिच्यात जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेल्या २३ व्हिडिओ कॅसेटी. एकीच्या पाठीवर निळ्या शाईत ‘थोरल्याचे लग्न, मे १९९१’ एवढाच मजकूर होता. हा थोरला म्हणजे आत्याचा मुलगा. आत्याला जाऊन आता चौदा वर्षे झाली; तिची छायाचित्रे आमच्याकडे आहेत, तिने शिवलेली वाकळ आहे, तिच्या अक्षरातील मसाल्याची यादही आहे; परंतु मांडवाच्या दाराशी पदर खोचून उभी राहिलेली ती, कोणाला तरी हाक मारून, ‘‘पंगत धरा रे, मी आलो!’’ असे म्हणते, ते त्या एका कॅसेटीवाचून दुसरीकडे कोठेही शिल्लक नाही. तिच्या पिढीतील कोल्हापूरच्या बायका स्वतःविषयी बोलताना ‘आले’, ‘जाते’ न म्हणता ‘आलो’, ‘जातो’ असेच म्हणत. त्यांच्या लेकी शिक्षणासाठी आणि संसारासाठी पुण्या-मुंबईस गेल्या आणि ही लकब तेथे गळून पडली. व्याकरणाच्या पुस्तकात तिची नोंद मिळेल. पण ती कानाला कशी लागत होती, हे पुस्तक सांगू शकत नाही.

घरगुती कॅसेटींची संगणकावर नक्कल करावयाची आणि तीही बेताच्या खर्चात, या विषयावर जे काही लिहावयाचे ते याच एका विचाराभोवती लिहावे असे मला वाटते. चेहरे छायाचित्रांतूनही राहतात. बोलणे मात्र फितीतच राहिलेले असते. तेव्हा पैसा थोडा असेल तर तो आधी आवाजासाठी खर्च करावा.

कोल्हापूरकराला हे अधिक कळकळीने सांगावेसे वाटते, कारण नष्ट झालेल्या फितींचे दुःख या शहराइतके दुसऱ्या कोणत्या शहराने क्वचितच भोगले असेल. बाबूराव पेंटर यांनी स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्याने येथे चित्रपट काढले. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली प्रदर्शित झाला आणि १९२५ साली ‘सावकारी पाश’ आला. आज त्या दोहोंपैकी एकही पाहावयास मिळत नाही. त्या काळची नायट्रेटची फिल्म विलक्षण ज्वालाग्राही असे, आणि खेळ संपल्यावर जुनी रिळे जपून ठेवण्याची वहिवाटही नव्हती. १९४८ साली, गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला. चित्रपट जतन करणारी राष्ट्रीय संस्था पुण्यात स्थापन झाली ती १९६४ साली, म्हणजे ‘सैरंध्री’नंतर तब्बल ४४ वर्षांनी. पण हेही सांगितले पाहिजे की, १ जून १९२९ रोजी याच शहरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने, पुण्यास जाण्यापूर्वी, १९३२ साली काढलेला पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ मात्र शिल्लक राहिला, आणि त्यामुळे दुर्गा खोटे यांचा त्या वेळचा आवाज आपणांस अजून ऐकता येतो.

घरच्या कॅसेटींना आगीचे भय कमी; त्यांना काळ आणि दमटपणा खातो. फितीचा पाया पॉलिस्टरचा असतो आणि त्यावर चुंबकीय कणांचा लेप एका चिकट द्रव्याने बसवलेला असतो. हवेतील ओल त्या चिकट द्रव्यात वर्षानुवर्षे मुरत गेली की त्याचे विघटन होते, लेप सुटू लागतो, आणि त्याबरोबर चित्र व आवाजही जातात. व्हीएचएस ही पद्धत जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली बाजारात आणली. आपल्याकडे १९८२ च्या आशियाई स्पर्धांबरोबर रंगीत दूरदर्शन आले, त्यानंतर व्हीसीआर आणि लग्नाचे ‘शूटिंग’ ही मध्यमवर्गाच्या घरात स्थिरावली. म्हणजे बहुतेक घरांतील कॅसेटी आता तीस ते चाळीस वर्षांच्या आहेत. त्यातच नवे व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ च्या जुलैअखेर उत्पादन थांबवले. तेव्हा फीत टिकली तरी ती वाचणारे यंत्र हयात राहील याची हमी कोणी देऊ शकत नाही.

आता थोडे त्या यंत्राच्या पोटात डोकावू, कारण खर्च कोठे करावा आणि कोठे वाचवावा हे तेथेच कळते. फीत अर्धा इंच रुंद असते आणि आपल्या देशातील दूरदर्शनच्या पाल पद्धतीत ती सेकंदाला जेमतेम २.३ सेंटिमीटर वेगाने सरकते. इतक्या मंद गतीत चित्र मावणे अशक्य. म्हणून चित्र वाचणारी हेड एका तिरक्या, चकाकत्या ड्रमवर बसवलेली असतात आणि तो ड्रम सेकंदाला २५ फेरे घेत फितीवर तिरप्या रेघा वाचत जातो. आवाजाची व्यवस्था निराळी. साध्या व्हीसीआरमध्ये आवाज फितीच्या वरच्या काठावर, सुमारे एक मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यात, सरळ रेषेत नोंदलेला असतो आणि तो वाचणारे हेड जागच्या जागी स्थिर असते. गाण्याच्या ऑडिओ कॅसेटीची फीतसुद्धा याच्या दुपटीने धावते. यावरून हा आवाज किती तुटपुंज्या जागेत राहतो याची कल्पना यावी. फितीचा काठ दुमडला किंवा त्या स्थिर हेडवर काजळी साचली की, चित्र स्वच्छ दिसत असतानाही माणसे रजईआडून बोलल्यासारखी ऐकू येतात.

माझे तसेच झाले. एका परिचिताकडून मागून आणलेल्या व्हीसीआरवर पहिली कॅसेट लावली तेव्हा पडद्यावर मुंग्या आणि कानांत पुटपुट, एवढेच पदरी पडले. लक्ष्मीपुरीतील एका जुन्या कारागिराकडे यंत्र नेले. त्यांनी झाकण काढले, बोटाने एक काळा रबरी रोलर फिरवून पाहिला आणि म्हणाले, ‘‘मशीन मेल्यालं न्हाई, सर, रबर मेलंय.’’ रोलर त्यांच्याकडील एका मोडक्या यंत्रातून आला, बेल्ट नवा बसला. मग त्यांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून ते स्थिर हेड पुसले. काडी तपकिरी होऊन निघाली, दुसरी थोडी कमी तपकिरी, तिसरी पांढरी. ड्रमवरच्या हेडला मात्र त्यांनी कापूस लागू दिला नाही, कारण त्याचे तंतू त्या नाजूक टोकात अडकून ते मोडते. तेथे त्यांनी मऊ चामड्याचा तुकडा ओला करून स्थिर धरला आणि ड्रम हाताने हळूहळू फिरवला. या सगळ्याची मजुरी एका कुटुंबाच्या हॉटेलातील जेवणापेक्षा कमी झाली, आणि या संपूर्ण उद्योगात याहून सार्थकी लागलेला पैसा दुसरा नाही.

यंत्र साफ झाले म्हणून हाती येईल ती कॅसेट त्यात घालू नये. कॅसेटीच्या काचेतून रिळाकडे उजेडात पाहावे. काळ्या फितीच्या कडेवर पांढुरकी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी होय, आणि तशी एक कॅसेट यंत्रात गेली की पुढच्या सगळ्या कॅसेटींना तिची लागण होते. आमच्या तेवीसपैकी दोन अशा निघाल्या. त्या मी वेगळ्या डब्यात ठेवून, अनुभवी माणसाच्या हवाली केल्या. पुराच्या पाण्यात भिजलेल्या कॅसेटींचीही हीच गत. २०१९ आणि २०२१ साली राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांपलीकडे मजल मारली, तेव्हा शाहूपुरी, दुधाळी, कुंभार गल्लीतील कितीतरी घरांत कपाटेच्या कपाटे गाळात गेली. त्या कॅसेटी अजून कोणी ठेवल्या असतील तर त्या यंत्रात घालू नयेत, उन्हात वाळत टाकू नयेत, आणि गेल्याच असे समजून फेकूनही देऊ नयेत. गाळ धुऊन, फीत सावलीत सुकवून, नव्या कवचात बसवण्याचे काम जाणते लोक करू शकतात. पैसे देऊन काम करून घ्यावयाचे ते अशाच कॅसेटींचे; सुस्थितीतील कॅसेटी घरी होतात.

निवड करताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नव्वदीच्या काळात लग्नाची कॅसेट ‘मिक्सिंग’ करून देत असत. म्हणजे अंतरपाट, कन्यादान, पाठवणी या सगळ्यांवर सिनेमाची गाणी चढवत आणि मांडवातील खरा आवाज पुसून टाकत. बदामाच्या चौकटीत फिरणारे वधूवर पाहून त्या वेळी आपण हरखून गेलो. परंतु आज त्या कॅसेटीत आपली माणसे मुकी झालेली दिसतात. छायाचित्रकाराने मूळ शूटिंगची कच्ची कॅसेट सोबत दिली असेल तर तिची नक्कल सर्वांआधी करावी, मग ती कितीही हलणारी आणि अंधारी असो. आत्याचा आवाज आम्हांला अशाच कच्च्या कॅसेटीत सापडला.

नक्कल करण्याची रीत फारशी अवघड नाही. आरंभी कॅसेटीच्या पाठीवरील प्लास्टिकची चिमुकली पट्टी मोडावी, म्हणजे चुकूनही तिच्यावर दुसरे काही नोंदले जाणार नाही. नंतर ती एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळावी, म्हणजे वर्षानुवर्षे एकमेकांना चिकटून बसलेले वेढे सैल होतात. व्हीसीआरच्या पाठीमागील पिवळ्या पिनेतून चित्र आणि पांढऱ्या-लाल पिनांतून आवाज बाहेर येतो. त्या पिना यूएसबीच्या एका लहानशा कॅप्चर कार्डात जातात आणि ते कार्ड संगणकात. हे कार्ड साधारणतः हजार-दोन हजार रुपयांच्या घरात मिळते. आलेले चित्र व आवाज नोंदून घेणारा ओबीएस स्टुडिओ हा संगणकीय कार्यक्रम विनामूल्य आहे. त्यात पाल पद्धत निवडावी, चित्राचे प्रमाण चारास तीन ठेवावे. ते ताणून रुंद केले तर सगळे नातेवाईक बुटके आणि जाडे दिसतात. जुन्या दूरदर्शनचे प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत विणलेले असते, म्हणून संगणकावर हलत्या हातापायांच्या कडेला फणीचे दात दिसतात. ओबीएसमधील ‘डीइंटरलेस’ या पर्यायात ‘याडिफ २एक्स’ निवडून सेकंदास ५० चित्रे ठेवली की ते जातात आणि हालचालही मूळच्यासारखी मऊ राहते. तीन तासांच्या कॅसेटीला तीन तासच लागतात. घाई करण्याची येथे सोय नाही.

स्वस्त कार्डाचा एक दोष मात्र सांगितला पाहिजे. फीत जेथे सुरकुतलेली असते तेथे संकेत क्षणभर तुटतो, कार्ड काही चित्रे गाळते, आणि तासाभराने आवाज एकीकडे व ओठ दुसरीकडे असा प्रकार होतो. यावर महागडी उपकरणे आहेत. परंतु कोणाच्या घरी जुना डीव्हीडी रेकॉर्डर धूळ खात पडला असेल तर व्हीसीआरची तार आधी त्यात आणि त्यातून कार्डात न्यावी, कारण यांतील काही रेकॉर्डर डळमळीत संकेत सावरून पुढे पाठवतात. ते न मिळाले तर अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे करून नोंदावेत. आणि ट्रंकेत हाताच्या मुठीत मावणाऱ्या मिनी डीव्ही कॅसेटी निघाल्या तर हा मार्गच सोडावा. त्यांतील मजकूर मुळात अंकांतच असतो, तो फायरवायरच्या तारेने जसाच्या तसा, तासाला सुमारे १३ जीबी या हिशेबाने, उतरवून घेता येतो. त्यासाठी त्या तारेची खोबण असलेला एखादा जुना संगणक उसना आणणे, हाच त्यातला खरा खटाटोप.

बाजारात देऊन काम करून घेणाऱ्यांनीही दोन अटी घालाव्यात. माझ्या एका नातलगाला एका दुकानातून तीन तासांची कॅसेट एका डीव्हीडीत कोंबून मिळाली, सुरुवातीला फुलांची नक्षी आणि सनईही जोडलेली. डीव्हीडी नको, फाईल हवी. आणि मूळ आवाजावर काहीही चढवू नये, असे आधीच बजावून सांगावे.

आमच्या चांगल्या २१ कॅसेटींचे सुमारे ४२ तास भरले; सेकंदास आठ मेगाबिट या दराने ते १५० जीबीच्या आसपास गेले, म्हणजे एका साध्या हार्ड डिस्कचा लहानसा कोपरा. तशा दोन डिस्क केल्या. एक येथे आणि एक भावाकडे, कारण एकाच घरात दोन प्रती ठेवणे म्हणजे दोन्ही एकाच पुराच्या स्वाधीन करणे होय. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली प्रत जतन झाली असे कोणी मानू नये. तेथे ती आक्रसून जाते. शेवटी फेरिस्त केली. करवीर संस्थानच्या दप्तरातील रुमालावर जशी आत काय आहे याची चिठ्ठी असे, तशी प्रत्येक फाईलला आधी साल, मग गाव, मग प्रसंग अशी नावे दिली, आणि कोणत्या मिनिटाला कोण बोलते हे काकींना शेजारी बसवून लिहून घेतले. निम्मे चेहरे मला ओळखता आले नसते. काकींनी तर कित्येकांना पाठमोरे असतानाच, नुसत्या आवाजावरून ओळखले.

आत्याची मुलगी गेली तीस वर्षे पुण्यात असते. तिचे बोलणे आता पुण्याचे झाले आहे. फोनवर ती ‘आले’, ‘गेले’, ‘बघते’ असेच बोलते. तिला मी त्या लग्नातील ४० सेकंद पाठवले. दोन तास काहीच उत्तर आले नाही. मग फोन वाजला.

‘‘कॅसेट टाकून दिली नाहीस ना?’’

‘‘नाही ताई. ट्रंकेतच आहे.’’

‘‘असू दे तशीच,’’ ती म्हणाली. ‘‘रविवारी मी येतो.’’