बधिर पाय दुखत नाही, म्हणूनच धोका



तळपायाची आग, मुंग्या, रात्री सुया टोचल्यागत दुखणे याला पुष्कळ जण थकवा समजतात. मधुमेहात साखर चढती राहिली, की नसा पायाच्या बोटांपासून बिघडू लागतात. पुढे दुखणे थांबते; पण ते बरे होणे नव्हे! उसाचा बुडखा रुतला तरी कळत नाही आणि जखम चिघळते.

दारू, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, कुष्ठरोग यांनीही बधिरपणा येतो. कुष्ठरोगावर सरकारी दवाखान्यात मोफत औषध मिळते. म्हणून आधी तपासणी, मग गोळी.

आमचे सांगणे एवढेच: साखर आटोक्यात ठेवा, रानात अनवाणी जाऊ नका, बधिर पाय शेकू नका. रोज रात्री तळपाय पाहा. स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांना दाखवा. जखम दिसली, तर दवाखाना उद्यावर टाकू नका.