दर्यावर्दी कामगार आणि आयकर

रत्नागिरी, रायगड व सिंधुदुर्ग या किनारी जिल्ह्यांतील अनेक कुटुंबांचा चरितार्थ बोटीवरील नोकरीवर चालतो. कमावता माणूस समुद्रावर असताना आयकराचे कागद घरी येतात आणि कुटुंबीय ते घेऊन गावातील शिक्षकाकडे वा पंचायत सदस्याकडे जातात. गणवेश, प्रशिक्षण व वैद्यकीय तपासणी यांवरील खर्च करातून वजा होईल काय, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. पगारदारास अशा खर्चाची वजावट कायद्याने फारशी दिलेली नाही. खलाशाची मोठी सवलत दिवसांच्या मोजणीवर अवलंबून आहे.

निवासी की अनिवासी ?

आर्थिक वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात राहणारी व्यक्ती करासाठी ‘निवासी’ ठरते व तिच्या जगभरातील उत्पन्नावर कर लागतो. नोकरीसाठी बोटीवर गेलेला भारतीय नागरिक त्याहून कमी दिवस भारतात असल्यास सर्वसाधारणपणे ‘अनिवासी’ ठरतो. १९६१ च्या आयकर अधिनियमाची जागा घेण्यासाठी १ एप्रिल २०२६ पासून २०२५ च्या अधिनियमाची योजना झाली. त्यातही १८२ दिवसांची कसोटी कायम आहे.

बोट भारतीय बंदरात किंवा भारतीय सागरी हद्दीत असतानाचे दिवस कसे मोजावेत, याविषयी पूर्वी वाद होत. २०१५ मध्ये आयकर नियमांत नियम १२६ घालून तो मिटविण्यात आला. भारतातून परदेशी बंदराकडे किंवा तेथून भारताकडे होणाऱ्या सफरीत, सेवानोंद पुस्तिकेतील (सीडीसी) रुजू झाल्याच्या दिनांकापासून कार्यमुक्तीच्या दिनांकापर्यंतचा काळ भारतातील वास्तव्यात धरला जात नाही.

एक उदाहरण

अशा सफरीवर १ ऑगस्टला रुजू होऊन १५ फेब्रुवारीला कार्यमुक्त झालेल्या खलाशाचे १९९ दिवस वगळले जातात. ३६५ दिवसांपैकी भारतात १६६ दिवस उरतात. तो अनिवासी ठरतो. दुसरा १ सप्टेंबरला रुजू होऊन २० फेब्रुवारीला परतला, तर १७३ दिवस वगळले जाऊन १९२ उरतात. तो निवासी ठरतो. थोड्या दिवसांच्या फरकाने वर्षभराच्या पगारावरील कराचा निर्णय बदलतो.

परदेशगामी बोटीवर भारताबाहेर केलेल्या कामाचा अनिवासी खलाशाचा पगार भारतातील एनआरई खात्यात जमा झाला, एवढ्यावरून तो करपात्र होत नाही, असा खुलासा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने एप्रिल २०१७ मध्ये केला. घरभाड्यासारखे भारतातील उत्पन्न मात्र करपात्रच राहते.

किनारी वाहतुकीवरील खलाशी

मुंबई ते कोची अशा देशांतर्गत सफरींना नियम १२६ लागू नाही. येथील निवासी खलाशास इतर पगारदारांप्रमाणे प्रमाणित वजावट मिळते : २०२४-२५ या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत ७५,००० रुपये, जुन्या पद्धतीत ५०,००० रुपये. मालकाने गणवेश भत्ता दिला असल्यास जुन्या पद्धतीत प्रत्यक्ष खर्चापुरता तो करमुक्त धरला जातो.

कागदपत्रांची जपणूक

सीडीसीतील दोन्ही दिनांकांच्या नोंदी, नोकरीचा करार, पारपत्रावरील शिक्के व बँकेचे उतारे यांच्या प्रती घरी ठेवाव्यात. मालकाने आधीच कर कापला असल्यास मुदतीत विवरणपत्र भरून परतावा मागता येतो. खलाशी बोटीवर चढण्यापूर्वीच या प्रती काढून ठेवण्याचा सल्ला गावातील जाणत्यांनी दिल्यास त्याच्या कुटुंबाची पुढील धावपळ टळेल.