तीनदा गुडघे, नऊदा कपाळ
चीनच्या छिंग दरबारात सम्राटापुढे तीनदा गुडघे टेकायचे आणि दर वेळी तीनदा कपाळ जमिनीला लावायचे, असा रिवाज होता. खुद्द सम्राटही स्वर्गाची पूजा करताना असाच नमस्कार घाली. त्यामुळे त्यात निव्वळ मानहानी पाहणे चुकीचे आहे. ब्रिटिश राजदूत लॉर्ड मॅकार्टनी मात्र १७९३ साली अडून बसला. त्याच्या रोजनिशीनुसार, त्याने एकच गुडघा टेकून तिसऱ्या जॉर्जचे पत्र रत्नजडित सोन्याच्या पेटीतून सम्राट छ्येनलुंगच्या हाती दिले. व्यापाराच्या मागण्या फेटाळल्या गेल्या, पण केवळ नमस्कारावरून नव्हे; त्या सवलती चीनला द्यायच्याच नव्हत्या. १८१६ मध्ये ब्रिटिश राजदूत लॉर्ड ॲम्हर्स्टला तर भेटीविनाच परतावे लागले. परकीय राजदूतांनी सम्राटाला उभ्यानेच वाकून अभिवादन केले, ते १८७३ मध्ये.