गाडीखाली काम करताना मान सांभाळा

मान अवघडल्याची तक्रार घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांत गॅरेजमधील कारागीर बरेच असतात. गाडीखाली उताणे झोपून काम करताना डोके अधांतरी उचललेले राहते. त्याचे वजन चार-पाच किलो. ते पेलून मानेचे पुढचे स्नायू थकतात, आखडतात. म्हणून डोक्याखाली पोत्याची घडी किंवा छोटी उशी घ्यावी. गार फरशीवर जाड पुठ्ठा अंथरावा. चाकांची फळी मिळाल्यास उत्तम. गुडघे वाकवून पाय टेकवले की कमरेला आराम पडतो. पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर येऊन खांदे फिरवावेत. गिऱ्हाईक घाई करणारच, करू द्या! वरून गंज, माती पडते, तेव्हा साधा पारदर्शक चष्मा हवाच. डोळ्यात कण गेलाच तर चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावा.

मात्र हे सारे नंतरचे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. जॅक सरकतो, तेल गळले की खाली बसतो. विटाही नकोत, त्या फुटतात. सपाट, टणक जमिनीवर गाडी लोखंडी घोड्यांवर टेकवावी, टेकलेल्या चाकांना ठोकळे लावावेत आणि आत शिरण्यापूर्वी गाडी हलवून पाहावी.

हाताला मुंग्या येत असतील किंवा पाना धरताना पकड सुटत असेल, तर मालिश करीत न बसता डॉक्टरांना दाखवावे.