‘क = क + १’ हे बरोबर कसे?

गोरेगावच्या एका शाळेत संगणकाविषयी बोलताना आम्ही फळ्यावर ‘क = क + १’ असे लिहिले. आठवीतल्या एका मुलीने लगेच हात वर केला. “दोन्ही बाजूंतून क वजा केला तर ० = १ उरते. मग हे चूक नाही का?” तिचे गणित बिनचूक होते. घोटाळा आम्ही न समजावलेल्या चिन्हांचा होता.

बीजगणितातल्या समीकरणात अक्षर म्हणजे शोधायची संख्या. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथात अज्ञात संख्यांना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावे दिली आणि लिहिताना या, का, नी, पी ही आद्याक्षरे वापरली. एखाद्या उदाहरणात ‘या’ची किंमत ५ निघाली, की त्या उदाहरणात ती शेवटपर्यंत ५च.

संगणकाच्या भाषेतले अक्षर मात्र स्मृतीतल्या एका जागेचे नाव असते. गोरेगाव स्थानकावरचा इंडिकेटर आठवा. फलाट तोच, इंडिकेटर तोच. पण आता त्यावर ‘बोरिवली’ दिसते, थोड्या वेळाने ‘विरार’. नवे आले की जुने पुसले जाते. म्हणूनच अशा अक्षराला ‘चल’ म्हणतात.

येथे ‘=’ हे चिन्हही ‘बरोबर आहे’ असे सांगत नाही; ती आज्ञा आहे. आधी उजवी बाजू मोजा, मग उत्तर डावीकडच्या जागेत ठेवा. क मध्ये ७ असतील तर ७ + १ = ८; आता ७ पुसून तेथे ८ ठेवायचे. संगणक मोजणी करतो ती अशीच.

१९६४ साली तयार झालेल्या बेसिक भाषेत असे वाक्य ‘लेट’ या शब्दाने सुरू होई, त्यामुळे ते आज्ञा म्हणून ओळखू येई. १९७० च्या पास्कल भाषेत बरोबरच्या चिन्हाआधी विसर्गासारखे दोन ठिपके देतात. सी आणि पायथन भाषांत एक ‘=’ म्हणजे ‘ठेवा’, तर ‘==’ म्हणजे ‘समान आहेत का?’

शिक्षकांनी वर्गात हा प्रश्न अवश्य विचारावा: क मध्ये ३ आणि ख मध्ये ५ आहेत. ‘क = ख’ आणि नंतर ‘ख = क’ असे लिहिल्यास अदलाबदल होईल का? नाही, दोन्हीकडे ५च राहतील, कारण ३ पहिल्याच आज्ञेने पुसले गेले. मग काय करावे? एका पेल्यात दूध आणि दुसऱ्यात ताक असेल, तर त्यांची अदलाबदल कशी कराल? उत्तर मुलेच सांगतील.